हुडॉक: फुकट आहे, रुक्ष आहे, पण निर्वासितांचा कायदा समजायचा तर हीच साइट उघडा

निर्वासित, स्थलांतरित, डिपोर्टेशन असला विषय निघाला की कुणीतरी 'ह्युमन राइट्स कोर्टाने असं सांगितलंय' म्हणून ठोकून देतं आणि निकालाची लिंक मागितली की गायब होतं. ती लिंक जिथे मिळते त्या साइटचा हा रिव्ह्यू. हुडॉक म्हणजे स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टाच्या निकालांचा डेटाबेस. पैसे लागत नाहीत, लॉगिन नाही, ओटीपी नाही, न्यूजलेटर घ्या म्हणून मागे लागणं नाही. आजकाल एवढंही कुठे मिळतं.

जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा म्हणजे तिथे जाऊन भलतंच शोधत बसणार नाही. निर्वासितांचा मूळ करार 1951 चा, पण त्याच्यासाठी असं कोर्टच नाहीये की जिथे एखादा निर्वासित स्वतः जाऊन सांगू शकेल की बघा, या देशाने माझ्या बाबतीत करार मोडला, जो तो देश आपापल्या कोर्टात आपापला अर्थ लावतो. आणि हे स्ट्रासबर्गवालं कोर्ट ज्या 1950 च्या युरोपियन करारावर चालतं त्यात आश्रयाचा हक्क नावाची गोष्टच नाही. मग एवढे निकाल आले कुठून? तर मुख्यतः कलम 3 मधून. एका वाक्याचं कलम आहे, कुणाचाही छळ होणार नाही, कुणालाही अमानुष किंवा अपमानास्पद वागणूक वा शिक्षा दिली जाणार नाही, संपलं. 1989 च्या सोरिंग निकालात कोर्ट म्हणालं की दुसऱ्या देशात पाठवल्यावर असं काही होण्याचा खराखुरा धोका असेल तर पाठवणारा देशही जबाबदार. पुढचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. 1996 च्या चहल केसमध्ये ब्रिटिश सरकारचं म्हणणं होतं की हा माणूस राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे, तेव्हा त्याच्या जिवाचा धोका एका पारड्यात आणि आमची सुरक्षा दुसऱ्या पारड्यात ठेवून बघा, तर कोर्टाने 12 विरुद्ध 7 मतांनी सांगितलं की कलम 3 मध्ये तराजू चालत नाही. त्या 7 जणांचं म्हणणंसुद्धा निकालाच्या शेवटी जोडलेलं आहे, नक्की वाचा, पटो न पटो.

आता वापरायचं कसं. सर्च बॉक्समध्ये नुसतं 'रेफ्युजी' टाकलंत तर इतका ढिगारा येईल की परत फिराल. बाजूला फिल्टर आहेत ते लावा, देश, कलम, उल्लंघन झालं की नाही, आणि सगळ्यात कामाचा म्हणजे महत्त्वाचा दर्जा, त्यात 'की केसेस' निवडलं की गर्दी एकदम आटोक्यात येते. अर्जाचा नंबर माहीत असेल तर प्रश्नच मिटला, हिरसी विरुद्ध इटली या केसचा (तिच्याबद्दल खाली) 27765/09, टाका आणि उघडा. लीगल समरी असेल तर ती आधी वाचा मग मूळ निकालाला हात घाला. मूळ निकालात प्रत्येक परिच्छेदाला नंबर असतो त्यामुळे कुणाशी वाद घालताना 'परिच्छेद अमुक बघ' असं थेट सांगता येतं, याचा आनंद वेगळाच.

पण खरा माल आहे तो निकालातल्या 'फॅक्ट्स'च्या भागात. बातमीत येतं 'कोर्टाने इटलीला फटकारलं', बास. हिरसीचा निकाल (फेब्रुवारी 2012) उघडा, 6 मे 2009, लांपेडुसा या इटलीच्या बेटाच्या दक्षिणेला 35 सागरी मैलांवर, लिबियातून निघालेल्या तीन बोटी, साधारण दोनशे माणसं. इटलीच्या जहाजांनी त्यांना वर घेतलं आणि त्रिपोलीला नेऊन सोडलं, दहा तासांचा प्रवास, आणि अर्जदारांच्या म्हणण्यानुसार कुठे नेतोय हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, ओळखीची कागदपत्रंसुद्धा काढून घेतली. इटलीचा बचाव काय तर हे समुद्रातलं बचावकार्य होतं, आमच्या हद्दीत काही घडलंच नाही, शिवाय त्यांनी आश्रय मागितलाही नव्हता. कोर्ट म्हणालं जहाज तुमचं, झेंडा तुमचा, वरचे सैनिक तुमचे, म्हणजे हद्द तुमचीच, आणि मागितलं नाही म्हणता तर परत पाठवल्यावर त्यांचं काय होणार हे बघणं तुमचं काम होतं. सगळ्या न्यायाधीशांचं एकमत. कोर्टात गेलेले अर्जदार 24, बाकीच्यांचं काय झालं असेल हा विचार मात्र आपला आपण करायचा.

माझी सगळ्यात जास्त वेळा उघडलेली केस एम.एस.एस. विरुद्ध बेल्जियम आणि ग्रीस, जानेवारी 2011. अफगाण माणूस, ग्रीसमधून युरोपात शिरला, बेल्जियमला जाऊन आश्रय मागितला, तर डब्लिन नियमाप्रमाणे 'पहिल्यांदा जिथे आलास तिथे जा' म्हणून त्याला ग्रीसला परत पाठवलं. तिथे विमानतळाजवळ कोंडून ठेवलं, त्याच्या सांगण्यानुसार छोट्या जागेत आणखी 20 जण, टॉयलेटला जायचं तर गार्डची मर्जी, झोपायला मळकी गादी नाहीतर फरशी. सुटल्यावर सांगितलं की दोन दिवसांत पोलिसांकडे येऊन घरचा पत्ता नोंदव. आता ज्याला घरच नाही तो कुठला पत्ता देणार, म्हणून तो गेला नाही, आणि अथेन्सच्या पार्कात महिनोन् महिने राहिला. ग्रीस सरकारने हेच उलटं त्याच्यावर लावलं की बघा, हा आलाच नाही. सरकारी फॉर्म भरलेल्या कुणालाही हे वाचून हसावं की रडावं कळणार नाही. आणि गंमत बघा, त्याला भरपाई द्यायची ती ग्रीसने 1,000 युरो आणि बेल्जियमने 24,900. हाल झाले ग्रीसमध्ये, पण तिथली परिस्थिती माहीत असून पाठवलं म्हणून बेल्जियमही दोषी. आकडे असे का ते निकालाच्या शेवटच्या भागात बघा, अर्जदाराने कुणाकडून किती मागितले होते तेही तिथेच आहे.

सावध राहायच्या जागा पण आहेत. एन.डी. आणि एन.टी. विरुद्ध स्पेन, मेलिलाच्या (मोरोक्कोला लागून असलेलं स्पेनचं शहर) कुंपणावरून 2014 मध्ये चढून आलेल्या दोघांना लगेच मोरोक्कोत परत पाठवलं ती केस. सर्चमध्ये 2017 चा चेंबरचा, म्हणजे छोट्या खंडपीठाचा निकाल येतो, तो त्यांच्या बाजूने. लोक तेवढाच कॉपी करून फॉरवर्ड करतात. पण फेब्रुवारी 2020 मध्ये ग्रँड चेंबरने, म्हणजे याच कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने तो फिरवला, म्हणाले कायदेशीर मार्ग उपलब्ध असताना तुम्ही जमावाने कुंपणावर चढलात, हे तुमच्या वागण्याचंच फळ. मला हा निकाल अजिबात पटलेला नाही, ते कायदेशीर मार्ग कागदावर होते, सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या माणसाला तिथल्या चौकीपर्यंत पोचता तरी येत होतं का याचं उत्तर वाचून समाधान होत नाही. पण कायदा म्हणून आज हाच धरावा लागतो. तेव्हा चेंबर की ग्रँड चेंबर हे बघितल्याशिवाय कुठलीही लिंक फेकू नका. तसंच 'कम्युनिकेटेड केस' म्हणजे निकाल नव्हे, नुसतं सरकारला विचारलेल्या प्रश्नांचं कागदपत्र आहे, तेही निकाल म्हणून फिरताना दिसतं.

आता स्टार कुठे कापायचे ते. एक तर इथे जे दिसतं तेच सगळं असं समजू नका, कोर्टाकडे येणारे बहुसंख्य अर्ज आत शिरायच्या आधीच बाद होतात आणि एका न्यायाधीशाने बाद केलेले अर्ज या डेटाबेसमध्ये दिसतच नाहीत. म्हणजे आपण वाचतो ते तगून राहिलेल्यांचं, चांगला वकील मिळाला, मुदतीत कागद पोचले त्यांचं. ती मुदत आधी सहा महिने होती, फेब्रुवारी 2022 पासून चार महिने झाली, सीमेवरून मागे ढकलल्या गेलेल्या माणसाला हे कुणी सांगायचं? दुसरं, निकाल लागल्यावर त्या देशाने केलं काय हे इथे नीट कळत नाही, त्यासाठी हुडॉक-एक्झेक नावाची वेगळी साइट आहे, तिथे परत वेगळा सर्च करायचा. तिसरं भाषा, अधिकृत निकाल इंग्लिश नाहीतर फ्रेंचमध्ये आणि काही फक्त फ्रेंचमध्येच, समोर आलेला माणूस सोमाली किंवा दारी बोलणारा असला तरी. फोनवर शंभर पानी निकाल वाचायचा नाद करू नका, पीडीएफ उतरवून घ्या.

आणि हो, हे फक्त युरोपच्या 46 देशांपुरतं आहे. रशियाला 2022 मध्ये बाहेर काढलं. भारत, बांगलादेश, जॉर्डन, लेबनॉन यांनी तर 1951 च्या करारावरही सही केलेली नाही, त्यामुळे तिकडच्या प्रश्नांची उत्तरं इथे शोधू नका, त्यासाठी यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) रेफवर्ल्ड उघडा, देशोदेशीचे कायदे आणि इतर कोर्टांचे निकाल तिथे मिळतील.

5 पैकी 4. पहिल्यांदाच जात असाल तर एम.एस.एस. उघडा, मग त्याच्या पाठोपाठ 2014 चा ताराखेल विरुद्ध स्वित्झर्लंड, सहा मुलं असलेलं अफगाण कुटुंब, इटलीला परत पाठवायचं की नाही एवढाच प्रश्न. दोन्ही लागोपाठ वाचले की डब्लिनवर कुणाशीही बोलता येईल.