चिंतामणराव देशमुख वाचायचे असतील तर जिना चढून वर जा

आमच्या शहरातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा संदर्भ विभाग फारसा कोणाला ठाऊक नाही. खाली कादंबऱ्या आणि दिवाळी अंक बदलून घ्यायला गर्दी असते. जिना चढून वर येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांवर व्याख्यान द्यायचं ठरलं म्हणून मी तिथे बसायला लागलो. अर्थकारणातून राजकारणात आलेल्या आणि पुढे सत्तेच्या समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं आयुष्य नीट समजून घ्यायचं असेल, तर या विभागासारखी सोय नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. उणिवाही आहेत, त्या पुढे सांगतो.

आधी व्यवहाराचं. सभासद नसलात तरी चालतं. ओळखपत्र दाखवायचं, दिवसाचे २० रुपये भरायचे, वहीत सही करायची, पिशवी दाराशी ठेवायची. मागणीपत्रक भरून दिलं की शिपाईमामा खंड काढून आणतात. घरी काहीही नेता येत नाही. पुस्तकांची झेरॉक्स पानाला २ रुपये. बांधीव वर्तमानपत्रांची मात्र काढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. १९५६ सालचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान जपून उलटलं तरी कडेचा चुरा टेबलावर पडतो. तिथे मोबाइलने फोटो घ्यायचे, फ्लॅश न लावता, तेही अर्ज देऊन.

ग्रंथपाल मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, तुम्हाला अर्थमंत्री देशमुख हवेत की राष्ट्रपतिपदाला उभे राहिलेले?" इतका नेमका प्रश्न विचारणारं माणूस समोर असलं की निम्मं काम तिथेच होतं. मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी पत्रकावर स्वतःच्या अक्षरात पाच-सहा खंडांचे क्रमांक लिहून दिले.

अर्थकारणाच्या भागाला कपाटात तोटा नाही. रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत इतिहासाचा पहिला खंड इथे आहे. मी राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, म्हणून तो मला गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचता आला. इतरांनी निवडक प्रकरणं वाचावीत. महाड तालुक्यातल्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला येतो, केंब्रिजला जाऊन निसर्गविज्ञान शिकतो, आयसीएस या ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेतही पहिला येतो आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरी करून १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत दाखल होतो. ऑगस्ट १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले, या पदावरचे पहिले भारतीय. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ज्यातून उभे राहिले ती १९४४ ची ब्रेटन वुड्स परिषद, ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द करणारा जानेवारी १९४६ चा वटहुकूम, फाळणीनंतरची चलनाची विभागणी, १ जानेवारी १९४९ ला झालेलं खुद्द रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण, हे सगळं त्यांच्या कारकिर्दीत झालं. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून आले. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ ला, तेही तेच मंत्री असताना. ही माहिती कुठेही मिळते, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

या विभागाचं खरं मोल जानेवारी १९५६ चा बांधीव खंड उघडल्यावर कळतं. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरू आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर करतात. मुंबईत निदर्शनं, संचारबंदी, गोळीबार. आणि त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, त्याच आकाशवाणीवरून अर्थमंत्री चिंतामणराव आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर करतात. पुढच्या काळात एलआयसी म्हणून घराघरांत पोचलेल्या संस्थेचा पाया ज्या दिवशी घातला गेला, त्या दिवशी तो पाया घालणाऱ्याच्या मनात राजीनामा घोळत असणार, कारण तो त्यांनी त्याच महिन्यात दिला.

या दोन घटना मी वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत वाचल्या होत्या. एक 'संयुक्त महाराष्ट्र' या मथळ्याखाली, दुसरी 'आर्थिक धोरण' या मथळ्याखाली. त्या एकमेकींना इतक्या चिकटून घडल्या हे माझ्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं. शोधयंत्रात नाव टाकलं की मागितलेली बातमी तेवढी समोर येते. बांधीव खंडात आदल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा अंकही हाताखाली असतो. गोळीबाराच्या बातम्या आणि विम्याच्या बातम्या एकामागून एक वाचताना एका मंत्र्यावर त्या आठवड्यात केवढा ताण असेल, ते जाणवतं. मी त्या दिवशी दुसरा खंड मागवलाच नाही.

राजीनामा स्वीकारला गेला जुलैमध्ये. मधल्या काळात, जूनमध्ये, मुंबई पाच वर्षं केंद्राच्या ताब्यात राहील असं नेहरूंनी मुंबईतच जाहीर केलं होतं. जुलै १९५६ मधलं चिंतामणरावांचं लोकसभेतलं निवेदन इथे कामकाजाच्या छापील खंडात आहे; एका वकिलांच्या संग्रहातून हे खंड वाचनालयाला मिळाले आहेत आणि काही पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा आहेत. निवेदन इंग्रजीत आहे, ते मुळातूनच वाचावं. आपल्याकडे त्या भाषणाची आठवण मुंबईसाठी मंत्रिपद लाथाडणारा मराठी माणूस अशी काढतात. ती खोटी नाही. पण वाचताना मला त्याहून जास्त भिडला तो कार्यपद्धतीचा मुद्दा. मुंबईबाबतचा इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला, हा त्यांचा पंतप्रधानांवरचा मुख्य आक्षेप; गोळीबाराची चौकशी व्हावी, हा दुसरा. नेहरूंनी पहिला आरोप मान्य केला नाही, तेही वाचायला हवं. बँकेत दुसरी सही नसलेलं व्हाउचर कितीही मोठ्या साहेबांनी पाठवलं तरी कॅशियर परत करतो. चिंतामणरावांनी तेच केलं, आणि परत केलेलं व्हाउचर देशाच्या पंतप्रधानांचं होतं.

हा धागा हातात आला की पुढचं आयुष्य कोड्यासारखं वाटत नाही. १९५९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, सत्तेतल्या मोठ्या लोकांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करायला कायमचं उच्चाधिकार न्यायाधिकरण हवं, अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली. नेहरूंनी ती मानली नाही. लोकपालाची चर्चा पुढे देशात किती वर्षं चालली, ते आपण पाहिलंच आहे.

आता १९६९. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं ३ मे रोजी निधन झालं. १९ जुलैला ५० कोटींहून अधिक ठेवींच्या १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १६ ऑगस्टला राष्ट्रपतिपदासाठी मतदान. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पंतप्रधान इंदिरा गांधींचा कल अपक्ष उभे राहिलेल्या वराहगिरी गिरींकडे, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर उभे चिंतामणराव. त्या महिन्यातली पानं मी फार सावकाश वाचली, कारण माझी सगळी नोकरी त्या १९ जुलैच्या निर्णयाच्या सावलीत गेली. इम्पीरियल बँक आणि आयुर्विमा सरकारच्या हाती आणणारा माणूस खासगी उद्योगाची बाजू घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा उमेदवार कसा? बाजू बदलली असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. राष्ट्रीयीकरणाला त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता. निर्णय कोण घेतं, कोणाला विचारून घेतं आणि हिशेब कोणापुढे ठेवतं, याबद्दल मात्र ते १९५६ पासून एकच गोष्ट सांगत आले होते. असा माणूस विरोधकांना राष्ट्रपतिभवनात हवा होता, यात मला नवल वाटत नाही.

मतमोजणीचे आकडे मी वहीत उतरवून घेतले. पहिल्या पसंतीची मतमूल्यं (या निवडणुकीत आमदार-खासदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं, त्याची बेरीज): गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. पहिल्या फेरीत कोणीच तिथे पोचलं नाही, म्हणून इतर उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. वजाबाकी करून पाहा: वाटणीत रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना फक्त १८,५६२, आणि तेवढ्यावर गिरी निवडून आले. ही वाटली गेलेली मतं बहुतांशी चिंतामणरावांची होती. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराच्या मतांनी देशाचा राष्ट्रपती ठरला आणि थोड्याच महिन्यांत काँग्रेस फुटली. मराठी वाचकाला या निवडणुकीतलं 'अंतरात्म्याचा आवाज', म्हणजे पक्षादेशापेक्षा मनाला पटेल तसं मत द्या हे इंदिरा गांधींच्या बाजूचं आवाहन, तेवढं आठवतं. आपल्या रायगड जिल्ह्यातला माणूस त्या लढतीच्या मधोमध उभा होता, हे शाळेत आम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: कार्डांच्या कपाटात चिंतामणराव 'रिझर्व्ह बँक', 'अर्थमंत्री' आणि 'संस्कृत' या नोंदींखाली सापडतात. तिसरी नोंद पाहून बरं वाटलं. त्यांनी 'मेघदूता'चा मराठी पद्यानुवाद केला होता. पण १९६९ चं एकही कार्ड नाही. मॅडम जागेवर असल्या तर त्यांच्या स्मरणशक्तीवर काम भागतं. त्या रजेवर असताना ऑगस्ट १९६९ चा खंड मागितला, तर तो माळ्यावर आहे एवढंच उत्तर मिळालं आणि मी हात हलवत परतलो. दुसरी: टेबलांवरचा उजेड अपुरा. वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचायला खिडकीजवळची जागा धरावी लागते, आणि तिथे दुपारनंतर ऊन थेट कागदावर येतं, जे त्या कागदासाठी वाईटच. तिसरी: दुपारी १ ते ३ विभाग बंद. बाहेरगावाहून येणाऱ्याचे ते दोन तास फुकट जातात.

स्पर्धा परीक्षावाल्या मुलांनी केवळ सनावळीसाठी इथे येऊ नये, ती घरबसल्या मिळते. पत्रकारितेचे विद्यार्थी, इतिहासाचे शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेली माझ्यासारखी मंडळी यांनी मात्र जरूर यावं. येताना पेन्सिल आणा, आत शाईचं पेन वापरू देत नाहीत. अंकाची तारीख आधी ठरवून या, 'चिंतामणरावांबद्दल काहीही द्या' असं सांगितलं तर फक्त गौरवग्रंथ हाती पडतील. आणि आधी फोन करून मॅडम आहेत का ते विचारा.

व्यवस्थापन समितीला मी लेखी सूचना दिली आहे: '१९६९ राष्ट्रपती निवडणूक' असं कार्ड करावं आणि त्याखाली गिरी, रेड्डी, देशमुख या तिघांच्या नोंदी खंडक्रमांकासह लिहाव्यात. कार्डं लिहून द्यायला मी तयार आहे, अक्षर चांगलं आहे. सचिवांनी पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणून सांगितलं आहे.