‘ऐकलं’ नावाचं बटण : मोह आणि परीक्षा यांवरचा चाळीस दिवसांचा अभ्यासक्रम

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते सांगतो, पण आधी वस्तू काय आहे ते.

फोनवर ऐकायचा ख्रिस्ती अभ्यासक्रम आहे. रविवार सोडून रोज एक भाग, बारा ते अठरा मिनिटांचा. शेवटी एकच प्रश्न आणि उत्तर लिहायला चार ओळींची जागा. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं एका मार्गदर्शकाशी फोनवर बोलायचं. प्रत्येक भागाखाली ‘ऐकलं’ असं बटण असतं. दाबलं की साखळीत एक कडी वाढते. बनवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि ती माणसं तळमळीने काम करणारी आहेत हे आवाजावरूनच कळतं.

मी यात शिरलो तो वडिलांमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी हिशेब लिहिणारा माणूस, काम घरूनच चालतं, म्हणून दिवस माझ्याकडे आणि रात्री बायकोत आणि माझ्यात वाटून घेतलेल्या. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे आणि जाताना म्हणायचे, ‘देव परीक्षा पाहतोय, धीर धरा.’ मी मान डोलवायचो. पण माझ्या आत जे चाललं होतं ते परीक्षेच्या तोलाचं अजिबात नव्हतं. चिडचिड, टाळाटाळ, ‘औषध दिलंय’ म्हणून ठोकून देणं. याला परीक्षा म्हणायचं की मोह, तेच कळेना.

अभ्यासक्रमाने पहिल्या आठवड्यातच या प्रश्नाला हात घातला, हे मला आवडलं. बायबलच्या नव्या करारातल्या मूळ ग्रीक भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे : पैरास्मोस. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय तर जवळजवळ याच शब्दाभोवती फिरतो. सुरुवातीला तो म्हणतो, परीक्षा आल्या तर आनंद माना, त्यातून धीर निपजतो. आणि दहा-अकरा ओवींनंतर त्याच कुळातलं क्रियापद घेऊन बजावतो की देव मोहात पाडतो असं कोणी म्हणू नये. माणसाला ओढते ती त्याची स्वतःची वासना. शब्द तोच, अर्थ पालटला. निवेदकाने इथे सोनाराचं उदाहरण दिलं, कारण विश्वास ‘पारखला जाणं’ यासाठी याकोबाने वापरलेला शब्द धातू पारखण्याशी जोडलेला आहे. मला आपलं ऑडिट आठवलं. एक तपासनीस वही बरोबर आहे हे सिद्ध व्हावं म्हणून तपासतो, दुसरा चूक सापडावी म्हणून. वही एकच, पानं तीच. वडिलांचं आजारपण ही वही. तपासणारे दोघे एकाच वेळी बसलेले असू शकतात, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

सैतानाने अरण्यात घेतलेल्या येशूच्या परीक्षेवरचे पाच भाग हा या अभ्यासक्रमाचा सगळ्यात कसदार ऐवज. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी मार्क दोन ओव्यांत गोष्ट उरकतो. मत्तय आणि लूक तिन्ही प्रसंग सांगतात, पण दुसऱ्या-तिसऱ्याचा क्रम दोघांचा वेगळा. येशू तिन्ही वेळा उत्तर देतो ते जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं, म्हणजे चाळीस वर्षं रानात भटकलेल्या इस्राएलाला मोशेने जे सांगितलं त्यातलं. त्यांची चाळीस वर्षं आणि याचे चाळीस दिवस असे समोरासमोर मांडलेत. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. नवं होतं ते पुढचं. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते की हा माझा पुत्र, आणि लगेच सैतानाचं पहिलं वाक्य : ‘तू देवाचा पुत्र असशील तर या दगडांच्या भाकरी कर.’ भाकरी खाणं हे काही पाप नव्हे. घाव घातलाय तो नुकत्याच ऐकलेल्या शब्दावर. आणि मंदिराच्या शिखरावर सैतान स्तोत्र म्हणून दाखवतो, एक्क्याण्णवावं, अकरावी-बारावी ओवी. सिंह आणि सर्प तुडवण्याची तेरावी ओवी मात्र तो गिळतो. निवेदक एवढंच सांगून थांबला, भाष्य केलं नाही. आमच्या घरी वचनं पाठ असण्याचा फार तोरा. समोरच्यालाही पाठ असतात, हा विचार कोणी शिकवला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात चौथ्या शतकातला इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी येतो, इव्हाग्रियस. त्याने मनाला छळणारे आठ विचार मांडले. पुढे सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांच्या हातून त्यांची सात पापांची यादी झाली. (आठाचे सात कसे झाले हे दोन मिनिटांत गुंडाळलंय, ते चालेल.) त्यातला एक विचार म्हणजे भर दुपारी येणारी मरगळ. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आणि माणूस सारखा खिडकीकडे बघत राहतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ ज्याने दुपार काढली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच भागातली एक गोष्ट मी वहीत उतरवून घेतली : विचार येणं आपल्या हातात नाही, तो मुक्कामाला राहतो की नाही हे हातात आहे. संत ऑगस्टीनने त्याच वाटेचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी सूचना, मग तिची गोडी, मग संमती. त्या दिवशीचा प्रश्न होता, ‘काल यातला एक तरी टप्पा तुम्ही ओळखलात का?’

ओळखला होता. वडिलांची वाचा गेली, पण एक गोष्ट राहिली. पाठ झालेल्या प्रार्थना, गाणी, अंक पुष्कळदा टिकून राहतात, असं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. ‘पाणी’ हा शब्द वडिलांना सापडत नाही. तहान लागली की ते प्रभूची प्रार्थना सुरू करतात. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या…’ आणि आम्ही उठतो. त्या रात्री पावणेतीन वाजले होते. पाळी माझी. प्रार्थना सुरू झाली. पहिली सूचना : बायको उठेल. गोडी म्हणजे पांघरुणाची ऊब आणि ‘दिवसभर मीच तर बघतो’ हा हिशेब. आणि संमती अगदी साधी असते : श्वास जरा लांब आणि जड घ्यायचा. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. वडील ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’पर्यंत पोहोचले तेव्हा बायको उठली. ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकला. सकाळी तिला म्हणालो, ‘अगं, मला हाक मारायचीस की.’ ती काही बोलली नाही.

आता तक्रार, अर्ध्या ताऱ्याची. ती साखळी काढून टाका हो! हे सगळं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. रात्री पावणेबारा वाजले, भाग ऐकायचा राहिलेला, डोळे मिटताहेत, आणि फोनवर सूचना : ‘तुमची साखळी तुटायला पंधरा मिनिटं उरली आहेत.’ मी बटण दाबलं. न ऐकता. अठ्ठावीस वर्षांत न बघता एका व्हाउचरवर सही केलेली नाही मी. आणि मोहावरच्या अभ्यासक्रमात ‘ऐकलं’ म्हणून खोटी नोंद केली. पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव झाला. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा दाबलं. दुसऱ्यांदा हात थबकलासुद्धा नाही.

फोनवरच्या मार्गदर्शकांना मात्र पूर्ण गुण. मला मिळाल्या त्या एक वयस्क कॅथलिक सिस्टर. आमचं घर प्रॉटेस्टंट, त्यामुळे पहिल्या फोनला मी जरा अंग चोरूनच होतो. चौथ्या फोनला मात्र दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या, बटणाची आणि सोंगाची. क्रम तोच, आधी सोपी.

‘मिसेसना सांगितलंत?’ सिस्टरनी विचारलं.

‘बटणाचं?’

‘नाही हो. दुसरं.’

मी म्हटलं, ‘सिस्टर, त्यांना माहीत असणार.’

‘असेल. पण तुम्ही सांगितलंय का?’

मग त्यांनी सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम सांगितला : शत्रू चोरट्या प्रियकरासारखा वागतो, त्याला सगळ्यात नकोसं असतं ते गुपित फुटणं. बस, एवढंच. उपदेश नाही, प्रायश्चित्त नाही. वीस मिनिटांतली आठेक मिनिटं नुसती शांततेत गेली असतील, आणि ती भरून काढायची घाई त्यांनी केली नाही.

इग्नेशियसवरचे तीन भागही चांगले आहेत. 1521 मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, महिनोन्‌महिने पडून राहावं लागलं, आणि त्या अंथरुणावर त्यांच्या लक्षात आलं की काही विचार येताना गोड लागतात पण मागे कोरडेपणा ठेवून जातात, आणि काहींनंतर समाधान टिकून राहतं. पारख सुरू झाली ती तिथून. त्यांचा आणखी एक नियम माझ्या थेट कामाचा निघाला : मन उदास, कोरडं असताना आधी ठरवलेलं बदलू नये. वडिलांना कुठेतरी ठेवावं हा विचार मला दर वेळी रात्री दोन-तीनलाच यायचा. तसं ठेवण्यात पाप आहे असं मला बिलकुल म्हणायचं नाही. कित्येक घरांत तोच शहाणपणाचा निर्णय असतो. पण तो दुपारी, बायकोबरोबर बसून घ्यायचा, एवढं आम्ही ठरवलं.

उरलेला पूर्ण तारा कापला तो पाचव्या आठवड्यासाठी. मुलाचा बळी द्यायला मोरियाच्या डोंगरावर गेलेला अब्राहाम चौदा मिनिटांत! आणि सगळं गमावलेल्या नीतिमान ईयोबावर चार भाग, चारही एकाच सुरात : दुःख आलं की समजा, देव परीक्षा घेतोय, टिकून राहा, दुप्पट मिळेल. मी चिडून अर्ध्यातच बंद केला एक. ‘देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली’ हे ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत आहे, खरं. पण ते वाचकाला सांगितलंय, अब्राहामाला नाही. ईयोबाच्या पुस्तकात स्वर्गातल्या दरबाराचे दोन प्रसंग आपण वाचतो; ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाहीत. त्याच्याजवळ बसून दुःखाचं कारण समजावणारे असतात ते त्याचे मित्र, आणि शेवटी देवाचा राग भडकतो तो त्यांच्यावर. अभ्यासक्रमाचा निवेदक नकळत त्या मित्रांच्या पंगतीत जाऊन बसलाय. वडिलांचं आजारपण मला सोसावं लागतंय म्हणून ते माझ्या नावाने काढलेलं प्रश्नपत्र ठरतं का? मग ते कोण, कागद? हे मी चार ओळींच्या जागेत लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या जागेत लिहिलेलं बहुधा कोणी वाचत नसावं.

प्रभूच्या प्रार्थनेवरचा अडतिसावा भाग मी तीनदा ऐकला. ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणजे देवच आणतो की काय, हा पेच सगळ्या भाषांना पडलाय. फ्रेंच कॅथलिकांनी 2017 च्या अखेरीस हे वाक्य बदलून ‘आम्हाला मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाचं केलं. इटालियन उपासनाग्रंथातही 2020 मध्ये ‘आम्हाला मोहाच्या हाती सोडू नकोस’ अशा वळणाचा बदल आला. निवेदकाने दोन्ही बाजू नीट मांडल्यात. जुन्या शब्दांना चिकटून राहणाऱ्यांचंही म्हणणं आहे की येशूने शिकवलेली प्रार्थना ग्रीकमध्ये अशाच अवघड वाक्यात उतरली आहे, आपण ती मऊ का करावी. मला यात मत नाही. आमच्या घरी वडील म्हणतात तेच शब्द राहणार, कारण ते बदलले तर त्यांना पाणी मागता येणार नाही.

किरकोळ गोष्टी : निवेदकाचा आवाज स्वच्छ, पण सुरुवातीचं संगीत फार लांबतं. धर्मसुधारक मार्टिन लूथरवरचा भाग अवघड आहे, दोनदा ऐकावा लागतो. सैतानावरचे दोन भाग मात्र मला उगाच भीती घालणारे वाटले. एक कान मोकळा ठेवून ऐकायचं असेल तर आवाज एकाच बाजूला घेण्याची सोय नाही, ती द्यावी. आजारी माणसाच्या घरात ती लागतेच.

कोणी घ्यावा? ज्याच्यावर नुकताच घाला पडलाय त्याने पाचवा आठवडा वगळून घ्यावा. ज्यांना साखळीचा मोह पडत नाही त्यांनी खुशाल पूर्ण घ्यावा.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्या रात्रीचं होय? मी तर त्याआधीचे दोन महिने मोजत होते.’

दुसरी फेरी सुरू केली आहे. आज माझा नववा दिवस. साखळीत सात दिसतात, आणि ते बरोबर आहे.