कोल्हापूरच्या गुजरीतल्या चांदीवाल्या स्टुडिओत दगडांचे फोटो काढून घेतले, त्याबद्दल

मी गेली चौदा वर्षं खनिजांचे नमुने जमवतेय. कपाटात दीडशेच्या आसपास आहेत, निम्मे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधले, म्हणजे काळ्या दगडातले, आणि बाकीचे बाहेरच्या देशांतले, आणि इतक्या वर्षांत एकाचाही धड फोटो नव्हता. मोबाइलवर काढायला गेलं की पुण्याजवळच्या वाघोलीच्या कॅव्हनसाइट ह्या खनिजाचा तो गडद निळा जांभळटच येतो, अपोफायलाइट ह्या काचेसारख्या खनिजामध्ये स्फटिकाऐवजी ट्यूबलाइटच दिसते, आणि पुढचं टोक स्पष्ट आलं तर मागचं पुसट. शेवटी एका सराफाने ह्या स्टुडिओचं नाव सांगितलं. यांचं मुख्य काम म्हणजे हुपरीच्या चांदीचे फोटो, पैंजण, करंडे, ताटं वगैरे. म्हटलं चकचकीत चांदी ज्याला जमते त्याला दगडही जमायला पाहिजे, आणि बावीस नमुने कापसात गुंडाळून घेऊन गेले.

फोटोग्राफर दादा पहिल्यांदा जरा बिचकले होते. "ताई, दगड कधी काढला न्हाई बघा, पण चमकतंय म्हणजे जमंल" असं म्हणून त्यांनी जे केलं ते मी बघतच राहिले. बटर पेपरचा छोटा तंबू करून दगड आत ठेवला, लाइट बाहेरून दोन बाजूंनी मारले, म्हणजे उजेड गाळून आत येतो आणि स्फटिकावर दिव्याचा ठिपका उमटत नाही. दगड उभा राहावा म्हणून खाली पुट्टीचा छोटा गोळा. मग कॅमेऱ्यातून बघत दगड एवढा एवढासा फिरवत राहिले, जवळजवळ दहा मिनिटं, कारण अपोफायलाइटचा वरचा सपाट चेहरा मोत्यासारखा मऊ चमकतो आणि बाजू काचेसारख्या, दोन्ही एका फोटोत यायचं तर कोन एकच असतो. तो सापडल्यावर त्यांनी मलाच बोलावून दाखवला. हिरवं अपोफायलाइट मी बारा वर्षं रोज बघतेय पण ह्या दोन चमका अशा शेजारीशेजारी मला तोवर दिसल्याच नव्हत्या.

बारीक स्फटिकांसाठी ते फोकस थोडाथोडा सरकवत तीस-चाळीस फोटो घेतात आणि कॉम्प्युटरवर जोडतात, स्टॅकिंग म्हणतात त्याला. याचे वेगळे दीडशे लागतात पण कॅव्हनसाइटसाठी ते द्याच, त्या निळ्या फुलातली एकेक काडी मोजता येते.

स्पेनच्या नवाहूनचा पायराइटचा, म्हणजे धातूसारख्या चकचकीत खनिजाचा, चौकोनी ठोकळा तर त्यांनी तीन मिनिटांत काढला, चांदीचाच हात. मशीनवर कापलाय का असं त्यांनीही विचारलं, सगळेच विचारतात, पण तो जमिनीतूनच तसा येतो.

आता फ्लोराइटचं. इंग्लंडच्या डरहॅम भागात रॉजर्ली नावाची खाण आहे, तिथलं फ्लोराइट घरातल्या दिव्याखाली हिरवं दिसतं आणि उन्हात नेलं की निळसर होतं. उन्हात जो अल्ट्राव्हायोलेट असतो त्याने ते आतून निळं उजळतं, फ्लोरोसन्स हा शब्दच ह्या खनिजावरून स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1852 मध्ये काढलाय. स्टुडिओच्या एलईडीत तो अल्ट्राव्हायोलेट नसल्यातच जमा, त्यामुळे तिथे ते नुसतं हिरवं. दादा म्हणाले रंग कॉम्प्युटरवर निळा करून देतो, मी म्हटलं नको, आणि दगड घेऊन गच्चीवर गेलो दोघं, सकाळी साडेदहाचं ऊन, एका पत्र्यावर काळं कापड टाकून फोटो काढला. आता माझ्याकडे एकाच दगडाचे दोन फोटो आहेत, एक हिरवा आणि एक निळा, आणि दोन्ही खरे आहेत. हा माणूस एका अडीचशे रुपयांच्या कामासाठी तीन मजले चढला हे मी विसरणार नाही.

रिअलगारच्या वेळीही त्यांनी नीट ऐकून घेतलं. रिअलगार म्हणजे आपली मनशीळ, माझा तुकडा चीनच्या हुनानमधला, लालभडक. उजेडात पडून राहिली की ती हळूहळू पिवळी भुकटी होते म्हणून मी डबीतच ठेवते. त्यांनी आधी तेवढ्याच आकाराचा दुसरा दगड ठेवून फोकस आणि लाइट लावून घेतले, मग मनशीळ आत, दोन मिनिटांत फोटो, परत डबीत. त्यात आर्सेनिक असतं म्हणून नंतर हात धुवायला मी सांगितलं तर साबणाने धुऊन आले.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत. पहिली म्हणजे त्यांनी टवका पुसला. माझ्या एका अपोफायलाइटच्या डावीकडच्या टोकाला टवका उडालेला आहे, फोटो आला तर टोक अखंड! चांदीच्या फोटोत ओरखडे काढून टाकायची सवय, त्यात त्यांना काही चूक वाटलीच नाही. पण दगडाच्या बाबतीत असं चालत नाही हो, उद्या मी तो कुणाला दिला किंवा विकला तर घेणाऱ्याची फसवणूक होते, आणि जपायचं म्हणून फोटो काढला तर जो दगड माझ्याकडे आहे त्याचाच फोटो पाहिजे. मी हे सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता मूळ फोटो परत दिला. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, काहीही पुसायचं नाही, धूळ ब्लोअरने आधीच उडवा.

दुसरी तक्रार वर्णनाची. प्रत्येक फोटोबरोबर हे लोक एक छापील कार्ड देतात, नाव, ठिकाण, माप. कल्पना मला फार आवडली पण कार्डं टाइप करणाऱ्या मुलीने मी लिहून दिलेली ठिकाणं छोटी करून टाकली. "वाघोली" चं झालं "पुणे", व्हॅनाडिनाइट ह्या खनिजाच्या पुढचं "मिब्लादेन" हे खाणीच्या ठिकाणाचं नाव गेलं आणि नुसतं "मोरोक्को" राहिलं. ठिकाण हीच नमुन्याची अर्धी किंमत असते, कुठल्या खाणीतला हे एकदा हरवलं की दगड बघून ते परत कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. शिवाय स्टिलबाइट आणि ह्युलँडाइटची कार्डं एकमेकांना लागली. ओळख अवघड नाही, स्टिलबाइट मधे आवळलेल्या गवताच्या पेंढीसारखं दिसतं आणि ह्युलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या आकाराचे, मधे रुंद आणि टोकांना निमुळते. ती मुलगी शिकणारी आहे, दोघींनी बसून तासभरात सगळी कार्डं सुधारली, आणि तिने स्वतःहून विचारलं की टवक्याचंही लिहायचं का. हो, लिहायचं. माप सेंटीमीटरमध्ये, कशावर काय वाढलंय ते, आणि जवळून काढलेल्या फोटोत फ्रेम किती मिलिमीटर रुंद आहे ते. रुपयाचं नाणं शेजारी ठेवायची त्यांची पद्धत मी बंद करायला लावली, बाहेरच्या देशातल्या माणसाला ते नाणं केवढं हे काय कळणार, त्याऐवजी एक सेंटीमीटरचा ठोकळा ठेवतात आता.

पैसे: एका नमुन्याचे तीन फोटो आणि कार्ड मिळून अडीचशे. बावीस नमुन्यांना तीन खेपा लागल्या, लग्नसराईत तर जाऊच नका, चांदीच्या गर्दीत तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. दगड स्वतः हाताळा, स्वतः ठेवा, त्यांनाही तेच बरं वाटतं. ओकेनाइट मात्र नेऊ नका, त्या पांढऱ्या कापसासारख्या गोळ्याला प्रवासात नुसता स्पर्श झाला तरी त्याचे केसासारखे तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि मग ते सुटत नाहीत, माझं मी घरीच खिडकीत काढणार आहे.

पाचपैकी चार. दिवाळीनंतर पुढचे तीस घेऊन जाणार आहे, ठिकाणं यावेळी मीच टाइप करून नेईन.