गुंड्याचे आठ महिने: मॅडमच्या दवाखान्याचा अनुभव

गुंड्या हे आमचं कुत्र्याचं पिल्लू. जूनमध्ये आमच्या जिन्याखाली सापडला तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. आता दहा महिन्यांचा झालाय. मधल्या काळात प्राण्यांच्या डॉक्टर मॅडमकडे चौदा-पंधरा चकरा झाल्या, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आमची चूक. सुरुवातीला घराजवळच्या दुसऱ्याच दवाखान्यात नेलं. तिथे ना वजन केलं, ना जंताचं औषध दिलं. उभ्याउभ्या लसीचं इंजेक्शन टोचलं आणि "आता फिरवा बिनधास्त" म्हणाले. आम्ही फिरवलं. पंधरा दिवसांत पिल्लू खाईना, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. रात्रभर त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले.

सकाळी मॅडमकडे पोचलो. त्यांनी ओठ वर करून हिरडी बोटाने दाबली आणि मला दाखवली. पांढरी पडलेली जागा लवकर गुलाबी होतच नव्हती. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच उरलं नव्हतं. तपासणीच्या किटवर दोन रेघा उमटल्या: पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइन चाललं. सहाव्या दिवशी त्याने चमचाभर पेज चाटली आणि मला तिथेच रडू फुटलं.

लस देऊनही असं का झालं, हे मॅडमनी नीट समजावलं. आईच्या दुधातून पिल्लाला मिळालेलं संरक्षण लसीचं काम होऊ देत नाही, आणि ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस 16 आठवडे झाल्यावरच. तोवर पिल्लाला रस्त्यावर उतरवायचं नाही. पार्वो होऊन गेला तरी डिस्टेंपर आणि लेप्टो या दुसऱ्या आजारांसाठी पुढचे डोस लागतातच. रेबीजची लस त्याला तीन महिने पूर्ण झाल्यावर दिली.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं काम उघड असणं. लसीची बाटली फ्रिजमधून आपल्यासमोर काढतात आणि तिच्यावरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. जंताचं औषध दर वेळी वजन करूनच: तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. पहिल्या डोसनंतर शेवयांसारखे जंत पडले, तेव्हा पोट का फुगलेलं होतं ते कळलं. पार्वोचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं करून आम्ही सगळं घर पुसलं.

बहिणीकडे मांजरीचं पिल्लू आहे. तिला त्यांनी बजावलं, की कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजरीला चुकूनही लावू नका आणि तापासाठी पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. दोन्हींनी मांजर दगावू शकतं.

उणं एकच. संध्याकाळी तासभर थांबावं लागतं आणि रात्री दवाखाना बंद असतो. नवं पिल्लू आणलं असेल तर रात्री कुठे नेता येईल, तो नंबर पहिल्याच दिवशी फ्रिजवर चिकटवा. आम्ही तो पार्वोनंतर चिकटवला.

पुढच्या महिन्यात नसबंदी आहे. परवा त्यासाठी रक्त तपासायला गेलो, तर गुंड्या कुणी न सांगता वजनकाट्यावर जाऊन बसला. 17 किलो 400 ग्रॅम.