कार्डावर छापलं 128 जीबी, आत निघाले जेमतेम 8

आमचं काम मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकीच्या बॅटऱ्यांचं. मागच्या उन्हाळ्यात भरलेली गाडी पुण्याजवळचा दिवे घाट चढताना बॅटरी किती तापते, ते मोजायचं होतं. सीटखाली रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवला आणि त्याला दोन कॅन लाइनी, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांचे संदेश वाहणाऱ्या तारा, जोडल्या. तासाला जवळपास 600 एमबी नोंद होणार, म्हणून लॉगसाठी वेगळं 128 जीबीचं मायक्रोएसडी कार्ड ऑनलाइन मागवलं आणि यूएसबी रीडरमध्ये घातलं. नावाजलेला ब्रँड, चकचकीत पाकीट, 540 रुपये. दुकानात हेच दुपटीच्या घरात होतं. शंका यायला हवी होती, पण मी आपला पैसे वाचले म्हणून खूश.

चार दिवस त्याच घाटातून हडपसर-सासवड केलं, रोज पाचेक तास. पहिले दोन दिवस गाडी रिकामी, पुढचे दोन वाळूच्या गोण्या भरून. रोज संध्याकाळी मी फाइली बघायचो. नावं बरोबर, आकार बरोबर, जागा शंभर जीबीच्या वर शिल्लक. पाचव्या दिवशी आलेख काढायला बसलो, तर तिसऱ्या दिवशीच्या दुपारपासून पुढे नुसती शून्यं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो भरल्या गाडीचा घाटच गायब.

गोम अशी की कार्ड किती मोठं आहे हे कार्डातला कंट्रोलरच, म्हणजे मेमरी सांभाळणारी चिपच, सांगतो, आणि भामटे त्यालाच खोटं बोलायला शिकवतात. खरी मेमरी संपली तरी तो 'लिहिलं' म्हणून उत्तर देतो आणि पुढचा डेटा सोडून देतो. एक्सफॅटमध्ये, म्हणजे अशा कार्डांवर फाइली मांडायच्या पद्धतीत, फाइलींची यादी सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या भागात राहते. म्हणून नावं आणि आकार शाबूत दिसतात. फॉरमॅट करूनही यातलं काही उघड होत नाही.

विक्रेत्याचं म्हणणं, गाडीच्या हादऱ्यांनी कार्ड बिघडलं. परत करायची मुदत टळून गेली होती. मग लिनक्सवर एफथ्री चालवलं. हे मोफत साधन कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतं. विंडोजवर तेच काम एच2टेस्टडब्ल्यू करतं. दोन-तीन तास जातात, जाऊ द्या. कार्ड नवं असतानाच, पाकीट टाकून देण्याआधी हे करा. निकाल आला: वापरण्याजोगी जागा 7.4 जीबी. त्याचा स्क्रीनशॉट जोडून ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी 540 रुपये परत आले. गाडीचं भाडं, गोण्यांची हमाली, चार दिवसांची मजुरी यांचा हिशेब कुणाकडे मागणार?

पुन्हा घाटात जायचंय म्हटल्यावर आमचे ड्रायव्हरकाका हसले. "साहेब, शेवटच्या वळणावर बॅटरी 53 अंश दाखवत होतं. मी डिस्प्लेवर बघितलं होतं ना!"

दुसऱ्या खेपेला काकांच्या हातात वही-पेन दिलं.