आंबोली-तिळारीच्या गर्द रानात जीपीएसमॅप ६५एस: एका पावसाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या वापरानंतर

आंबोली, चौकुळ आणि तिळारीच्या परिसरात बेडकांच्या आणि झाडोऱ्याच्या नोंदी घेणाऱ्या आमच्या छोट्या गटासाठी पावसाळ्याआधी स्थाननोंदीचे नवे यंत्र घ्यायचे होते. बरीच चौकशी केल्यावर मी गार्मिनचे जीपीएसमॅप ६५एस निवडले आणि जूनपासून थंडी सरेपर्यंत जंगलातल्या प्रत्येक कामात तेच वापरले. उघड्या डोंगरमाथ्यावर भटकणाऱ्यांसाठी लिहिलेले अभिप्राय पुष्कळ सापडतात. वर्षभर हिरव्या राहणाऱ्या दाट रानात मात्र यंत्राची परीक्षा निराळी असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या कामात दहा-पंधरा मीटरची चूकसुद्धा महागात पडते. आंबोली टोड हा बेडूक २००९ साली नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला, आणि त्याची वस्ती अगदी चिमुकल्या टापूपुरती मर्यादित आहे. अशा प्राण्याची नोंद सड्याच्या उघड्या कातळावरून सरकून नकाशावर शेजारच्या झाडीत पडली, किंवा ओढ्याच्या अलीकडची जागा पलीकडे दिसू लागली, तर अधिवासाबद्दल काढलेला निष्कर्षच चुकतो. म्हणून यंत्र निवडताना पडदा, नकाशे आणि फोनशी होणारी जोडणी या गोष्टी मी मागे ठेवल्या आणि झाडीखाली मिळणारा आकडा कितपत विश्वासाचा आहे, हा एकच प्रश्न पुढे ठेवला.

अडचण कुठे येते ते आधी पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की उघड्यावरदेखील यंत्राला तो पार्श्वभूमीच्या गोंगाटातून उपसून काढावा लागतो. अंजनी, पिसा आणि जांभळाची पालवी एकमेकांत गुंतून वर छत तयार झालेले असते. त्या पानांतले पाणी आणि पावसात पानांवर साचलेले पाणी सिग्नलचा काही भाग शोषून घेते. काही भाग खोडांवर आणि कातळावर आपटून वाकड्या वाटेने यंत्रापर्यंत येतो, आणि यंत्र त्या लांबलेल्या वाटेलाच खरे अंतर समजते. त्यात घाटाचा उभा उतार एका बाजूचे अर्धे आकाश झाकून टाकतो, म्हणजे उरलेले उपग्रह एकाच दिशेला गोळा झालेले असतात आणि त्यांच्यावरून काढलेली जागा आणखी डळमळीत होते.

म्हणूनच दोन वारंवारतांवर काम करणारे यंत्रच घ्यायचे, हे मी आधीपासून ठरवले होते. जुनी यंत्रे केवळ एल१ हा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल ऐकतात, तर ६५एस त्याच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल५ही ऐकते. एल५ची सांकेतिक लय एल१वरील नेहमीच्या नागरी संकेताच्या दहापट वेगवान असते. त्या लयीतला एक ठोका एल१मध्ये सुमारे ३०० मीटरचा, तर एल५मध्ये सुमारे ३० मीटरचा भरतो, त्यामुळे सरळ आलेला सिग्नल आणि आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखणे यंत्राला पुष्कळ सोपे जाते. अर्थात, चार-पाच मीटरवरच्या खोडावर आपटून आलेला सिग्नल एल५लाही चकवतोच. शिवाय जीपीएसचे सगळे उपग्रह अजून एल५ पाठवत नाहीत. २०१० नंतर सोडलेल्या पिढ्यांमध्येच ती सोय आहे. ती उणीव गॅलिलिओ ही युरोपची उपग्रहप्रणाली बरीच भरून काढते, कारण तिचे उपग्रह याच वारंवारतेवर प्रक्षेपण करतात.

‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या उपग्रहप्रणालीचे सिग्नलही हे यंत्र घेते, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडली. नाविकचे उपग्रह भारताच्या बाजूला आकाशात बरेच उंच दिसतात. तिरक्या सिग्नलला झाडोऱ्यातून लांबचा प्रवास करावा लागतो, त्या मानाने वरून येणाऱ्या सिग्नलच्या आड पालवी कमी येते. मात्र पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची आण्विक घड्याळे बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा नव्या पिढीतला उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही, त्यामुळे केवळ नाविकच्या भरवशावर खरेदी करण्याचे दिवस अजून आलेले नाहीत.

प्रत्यक्षात काय दिसले? आमच्याकडचे एका वारंवारतेचे जुने यंत्र आणि हे नवे यंत्र सॅकच्या दोन खांद्यांवर अडकवून मी एकच पायवाट जाताना आणि येताना चाललो, आणि दोन्हींचे ट्रॅक क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत एकमेकांवर ठेवून पाहिले. सड्यावर आणि कारवीच्या उतारावर दोन्ही रेषा जवळपास एकच होत्या, तिथे नव्या यंत्रासाठी जास्त पैसे मोजण्याचे काहीच कारण दिसत नाही. देवराईत शिरल्यावर मात्र जुन्या यंत्राची जातानाची आणि येतानाची रेषा पंधरा-वीस मीटरने फाकली आणि वाट नसलेल्या ठिकाणी टोकदार वळणे उमटली, तर नव्याच्या दोन रेषा बहुतेक ठिकाणी पाच-सात मीटरच्या आत राहिल्या. ओढ्याच्या अरुंद घळीत, जिथे डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टीच उरते, तिथे दोन्ही यंत्रे चुकली. नवे यंत्र कमी चुकले, पण चुकले. हे विक्रेता सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

पडद्यावर दिसणाऱ्या अचूकतेच्या आकड्याविषयीही सावध राहायला हवे. यंत्र ‘३ मीटर’ दाखवते तेव्हा तो त्याने स्वतःच बांधलेला अंदाज असतो. आपटून आलेला सिग्नल सातत्याने एकाच बाजूला ओढत असेल, तर यंत्र चुकीच्या जागेवर पूर्ण आत्मविश्वासाने उभे असते.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते वापरण्याची रीत सांभाळली नाही तर अर्धा फायदा वाया जातो. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि तिचा आवश्यक भाग मिळायला साधारण १८ सेकंद सिग्नल अखंड मिळावा लागतो. पालवीखाली चालत असताना हाच अखंडपणा मिळत नाही, आणि यंत्र बराच वेळ शोधतच राहते. एकदा मिळालेली ही माहिती मात्र सुमारे चार तास उपयोगी पडते. म्हणून आम्ही यंत्र रस्त्यावर किंवा सड्यावर चालू करतो, उघड्या आकाशाखाली दहा-पंधरा मिनिटे राहू देतो आणि मगच झाडीत उतरतो. मध्ये एखादी मोकळी जागा लागली की तिथे पुन्हा दोन मिनिटे थांबतो. या यंत्राचा अँटेना वरच्या खुंटीत आहे. ती खुंटी उभी आणि अंगापासून मोकळी राहील अशा बेताने ते खांद्याच्या पट्ट्यावर लावावे. पँटच्या खिशात किंवा कमरेला ठेवले तर आपलेच शरीर सिग्नल अडवते.

पुन्हा पुन्हा नोंदी घेण्यासाठी जंगलात आखलेल्या कायमच्या चौकटीचे कोपरे नोंदवताना ‘वेपॉइंट ॲव्हरेजिंग’ ही सोय फार मोलाची ठरली. एकाच जागेचे अनेक नमुने घेऊन यंत्र त्यांची सरासरी काढते. असे चार ते आठ नमुने घ्यावेत आणि दोन नमुन्यांमध्ये किमान ९० मिनिटे जाऊ द्यावीत, अशी कंपनीची सूचना आहे. एवढ्या वेळात उपग्रहांची मांडणी बदलते आणि एका मांडणीतली चूक दुसरीत तशीच उतरत नाही. कोपऱ्यावर एकदाच अर्धा तास बसून राहण्यापेक्षा सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी तिथून जाताना एकेक नमुना घेणे जास्त फलदायी ठरते, हे आमच्या नोंदींतूनही दिसले.

फोन का पुरत नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. दोन वारंवारतांचे फोन २०१८ पासून बाजारात आहेत आणि कोरड्या दिवसांत त्यांची अचूकता चांगली असते. पण आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. ओल्या काचेवर ओले बोट फिरत नाही, आणि थेंबांनाच स्पर्श समजून फोन भलतेच काही उघडतो. ६५एसची बटणे चिखलाने माखलेल्या हातांनी, न पाहतासुद्धा दाबता येतात. मजकूर टाइप करायला ती संथ आहेत, म्हणून यंत्रात आम्ही केवळ क्रमांक टाकतो आणि बाकीचे तपशील पाणी न लागणाऱ्या वहीत पेन्सिलीने लिहितो. पडदा २.६ इंचांचा आहे आणि तेवढा पुरतो, कारण या रानातल्या बहुतेक पायवाटा कोणत्याच नकाशावर नाहीत.

विजेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. २०२३ साली आलेल्या जीपीएसमॅप ६७मध्ये आतच बसवलेली बॅटरी आहे आणि ती १८० तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. ६५एस दोन पेन्सिल सेलवर १६ तासांचा दावा करते. आकडे पाहिले तर ६७ कितीतरी पुढे आहे आणि लांबच्या मोहिमांसाठी मी तेच सुचवीन. आमचा मुक्काम मात्र वीज कधीही जाणाऱ्या वाडीत असतो आणि पेन्सिल सेल तिथल्या किराणा दुकानातही मिळतात. ते स्वस्तातले सेल लवकर संपतात, म्हणून रोजच्या वापरासाठी निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल ठेवावेत आणि सेटिंगमध्ये सेलचा प्रकार आठवणीने बदलावा, नाहीतर शिल्लक विजेचे चिन्ह दिशाभूल करते.

कायद्याची एक बाजू खरेदीपूर्वीच माहीत हवी. ज्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘आय’ हे अक्षर आहे, उदाहरणार्थ ६६आय किंवा ६७आय, त्यांत इरिडियम उपग्रहांमार्फत संदेश पाठवण्याची सोय असते. भारतात असे यंत्र बाळगायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, आणि ती नसल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी हे अक्षर नीट तपासावे. ६५एस उपग्रहांचे सिग्नल फक्त ग्रहण करते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. अभयारण्यात काम करण्यासाठी वनविभागाची परवानगी अर्थातच वेगळी घ्यावी लागते.

सेटिंगपैकी दोनच गोष्टी सांगतो. निर्देशांक यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या, ४३ व्या पट्ट्यात ठेवले तर अंतर थेट मीटरमध्ये कळते. संदर्भप्रणाली, म्हणजे पृथ्वीच्या ज्या प्रारूपावर निर्देशांक मोजले जातात ती, डब्ल्यूजीएस ८४च असू द्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट प्रणालीवर आहेत आणि दोन्हींची सरमिसळ झाली तर जागा शेकडो मीटर सरकते. उंची वायुदाबावरून मोजली जाते, त्यामुळे पावसाळी हवेत दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की उभ्या जागी उंची आठ-नऊ मीटरने वाढलेली दिसते. रोज सकाळी मुक्कामाची ज्ञात उंची टाकून ती जुळवून घ्यावी लागते.

मोसमाच्या अखेरीस सगळे वेपॉइंट, म्हणजे नोंदवलेल्या जागा, जीपीएक्स या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून घेतल्यावर आम्ही त्यांच्या दोन प्रती करतो. मूळ आकड्यांची प्रत गटाकडे राहते. बाहेर देण्याच्या प्रतीत मलबारी चापडा या विषारी सापासारख्या, लोक मुद्दाम शोधत येतात अशा प्राण्यांच्या जागा अक्षांश-रेखांशाच्या दशांशानंतरच्या एकाच अंकापर्यंत, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरच्या टप्प्यापर्यंत, पुसट केलेल्या असतात.