संत्राबागेसाठी दोन भुंगेरे : एक मेक्सिकोचा, एक ऑस्ट्रेलियाचा

काटोल रस्त्यावरील आमच्या संत्राबागेसाठी नागपुरातील एका खासगी जैविक कीटक प्रयोगशाळेतून दोन भुंगेरे घेतले : धुऱ्यावरील (बांधावरील) गाजर गवतासाठी झायगोग्रामा, म्हणजेच मेक्सिकन भुंगा, आणि झाडांचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांसाठी क्रिप्टोलिमस. दोन्ही डब्यांतील कीटक जिवंत आणि चपळ होते. मात्र डब्यांवर ते किती दिवसांत सोडावेत हे छापलेले नव्हते, आणि ही उणीव गंभीर आहे, कारण उपाशी क्रिप्टोलिमस आपल्याच जातीची अंडी व अळ्या खाऊ लागतात.

मळकट पांढऱ्या पाठीवर गडद नागमोडी रेषा असलेला मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये बंगळुरूला आणला गेला. पावसाळा संपला की तो जमिनीत शिरून निपचित पडतो आणि पुढच्या पावसाने माती भिजल्यावरच वर येतो, त्यामुळे नागपूरचा 45 अंशांचा उन्हाळा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. त्याच्या अळ्या शेंड्याचे कोंब खातात, गवताची फुले रोखली जातात, आणि एका झाडापासून हजारो बिया पडत असल्याने मला हेच काम सर्वांत मोलाचे वाटते. हिवाळ्यात ओलिताच्या पाण्यावर उगवणारे गवत मात्र हातानेच उपटावे लागते.

क्रिप्टोलिमसची गोष्ट वेगळी आहे. पूर्व ऑस्ट्रेलियातील उबदार, दमट हवेतला हा शिकारी कीटक भारतात 1898 मध्ये आला. पण उन्हाळा जमिनीत झोपून काढण्याची सोय त्याच्याकडे नाही आणि आमच्याकडील मे महिन्याची कोरडी आग त्याला सोसत नाही. शिवाय लाल भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण वाढवून मग त्यांवर त्याची पैदास करावी लागते, त्यामुळे तो स्वस्त मिळणे कठीणच. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. म्हणून ती मजुरांना आधी ओळखून दाखवावी, नाहीतर कीड समजून चिरडली जाते. ढेकणांच्या गोड स्रावासाठी आलेल्या मुंग्याही त्याला हुसकावतात, तेव्हा मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय आणि रासायनिक फवारणी थांबवल्याशिवाय हा डबा घेऊच नये.

मेक्सिकन भुंगा धुऱ्यावर एकदा स्थिरावला की पुन्हा विकत घेण्याचे कारण उरत नाही. क्रिप्टोलिमसची मागणी मात्र दर हंगामात नोंदवावी लागेल, आणि ती पाऊस ओसरल्यावर, हवेत ओल असतानाच नोंदवावी.